विश्रामबागेतला रीसेल फ्लॅट : पार्किंग "आहे" म्हणतात, कागदावर नाही. घ्यावा का?

मिरजवाली | ९ जून, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

सांगलीत विश्रामबागेत स्टेशनकडं जाताना आतल्या गल्लीत एक टू बीएचके पसंत पडलाय. बिल्डिंग २०१३ ची. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर चार, असे बारा फ्लॅट. आम्ही बघितलेला दुसऱ्या मजल्यावर, ६८० फूट कार्पेट, दोन्हीकडून वारं. मागणी ४६ लाख, ४४ ला तुटेल असं एजंट म्हणतो. मी मिरजेत कामाला, हे कुपवाड एमआयडीसीत, मुलीची शाळा चालत जाण्यासारखी. घराबद्दल तक्रार नाहीच.

अडलंय ते गाडीपाशी. खाली सहा गाड्या बसतात, आणि आजच्या घडीला बारा घरांत नऊ गाड्या आहेत. मालक म्हणतात, "आमची जागा ठरलेली हाय, जिन्याशेजारची चार नंबर, तिथं कुणी लावत नाही." पण खरेदीखतात पार्किंगचा उल्लेख शून्य. बिल्डरनं त्या वेळी ८० हजार घेऊन लेटरहेडवर दिलेली एक पावती दाखवली. "कार पार्किंग नं. ४ पोटी मिळाले", खाली सही. एवढंच.

दुसरा पर्याय धामणी रोडला, नवीन बिल्डिंग, पार्किंग नंबरासहित, ५४ लाख. पण तिथून मुलीला रिक्षा लावावी लागेल आणि आम्हा दोघांनाही लांब पडेल.

त्या पावतीला काही अर्थ आहे का? आणि पार्किंगसाठी चांगलं घर सोडावं का?

शंभरफुटी | ९ जून, रात्री ९:४५

ताई, पावती-बिवती नंतर. आधी रात्री साडेदहाला जावा तिथं. एजंट लोक घर दाखवायला दुपारी बाराचीच वेळ का देतात? कारण तवा सगळ्या गाड्या कामावर असतात, पार्किंग मैदानागत दिसतंय. रविवारी रात्री तर जावाच, पाव्हणे आलेले असतात. आणि पाऊस चालू असताना एकदा. गल्लीतल्या रोडवर लावणारी माणसं पावसात गाडी आत घुसवत्यात.

वॉचमन असंल तर त्याच्याशी बोला, चेअरमनपेक्षा जास्त कळंल.

भडंग | ९ जून, रात्री १०:०२

गाडी विका, वडापनं, म्हणजे शेअर रिक्षानं फिरा. सांगली-मिरज दर दोन मिनिटाला हाय. प्रश्न मिटला.

शंभरफुटी | ९ जून, रात्री १०:०५

आला बघा.

नकाशावाला | ९ जून, रात्री ११:३०

ताई, पावतीचं आधी सांगतो. ऑगस्ट २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात निकाल दिला की स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं, पार्किंग ही बिल्डरनं सुटी विकायची वस्तू नाही, ती इमारतीची सामाईक जागा आहे. तुमची बिल्डिंग त्या निकालानंतरची. म्हणजे ती पावती बिल्डरनं ८० हजार घेतल्याचा पुरावा आहे, जागेवरच्या हक्काचा नाही. मालक "पार्किंगसह देतो" म्हणाले तरी त्यांना जे मिळालंच नाही ते देणार कुठून?

आता खरा प्रश्न : ती बिल्डिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट? आपल्याकडं सांगली-कोल्हापूरला बऱ्याच बिल्डिंगा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. नावापुढं नुसतं "अपार्टमेंट" लिहिलंय यावर जाऊ नका, कागद बघा. तसं असेल तर घोषणापत्र नोंदवलेलं असतं, ज्याला सगळे डिक्लेरेशन डीड म्हणतात. त्यात कुठला भाग सगळ्यांचा आणि कुठला ठरावीक फ्लॅटपुरता मर्यादित सामाईक, हे लिहिलेलं असतं. चार नंबरची जागा या फ्लॅटपुरती आहे असं त्यात निघालं तर तुमची बाजू भक्कम. सोसायटी असेल तर वाटप सोसायटीच्या हातात. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, आहे की गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि मिळालेली जागा सभासदानं विकायची नाही की परस्पर कुणाला द्यायची नाही.

तिसरं, महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रत काढा. मालकांकडं झेरॉक्स असते, पण ती मागच्या प्रस्तावाची असू शकते. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा. नकाशात जागा किती दाखवल्यात आणि जाग्यावर किती आहेत, हे ताडून बघा. बऱ्याच बिल्डिंगांची गंमत तिथंच निघते.

आणि जाताना टेप घेऊन जा. आताच्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका कारला अडीच बाय पाच मीटर धरतात, दुचाकीला एक बाय दोन. अडीच मीटर म्हणजे सव्वाआठ फुटाला थोडं कमी. दोन कॉलमच्या मधलं मोकळं अंतर मोजा, कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत नाही. नकाशात रेघ बारीक असते, कॉलम जाडजूड असतो.

धामणी रोडवाल्याचा महारेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर घ्या. तिथं उघडं पार्किंग विकायला बिल्डरला मनाईच आहे. झाकलेलं असेल तर २०२४ पासून महारेरानं सांगितलंय की पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची, नेमकी जागा हे सगळं कराराला जोडायचं. उंची कशाला म्हणाल, तर बीमखाली आणि ड्रेनेजच्या पाइपखाली उंच गाडीचा टप घासतो.

मिरजवाली | १० जून, सकाळी ७:५०

बापरे, किती माहिती! धन्यवाद नकाशावाला. अपार्टमेंट की सोसायटी हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मला एक कळत नाही, बारा फ्लॅटला सहाच गाड्यांची जागा मंजूर कशी होते?

नकाशावाला | १० जून, सकाळी ८:१५

फ्लॅटमागं एक कार असा नियमच नाही हो. मोठ्या फ्लॅटला तसा हिशेब असतो. तुमच्यासारख्या मध्यम फ्लॅटना दोन घरांत मिळून एक कार धरतात, बाकी दुचाक्या. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं स्कूटरवालं कुटुंब होतं. आता कार जवळजवळ प्रत्येक दारात आली, आणि ती वॅगनआरएवढी लहान राहिली नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने | १० जून, दुपारी १:१०

आमची सोळा घरं, नऊ जागा. सेक्रेटरी मी, कारण त्या मीटिंगला मी गैरहजर होतो.

कायदा नकाशावाला सांगताहेत तो बरोबर. मी रोज काय बघतो ते सांगतो. आम्ही एप्रिलच्या मीटिंगला चिठ्ठ्या काढतो. ज्याची निघाली नाही तो वर्षभर गेटच्या तोंडाशी लावतो आणि मीटर बोर्डाशेजारच्या खिळ्यावर किल्ली अडकवून जातो. सकाळी पावणेनऊला आतल्या डॉक्टरांना निघायचं असतं, तेव्हा वॉचमन त्या किल्लीनं गाडी मागं घेतो. हे तीन वर्षं बिनबोभाट चाललं. मग एकदा बंपरला ओरखडा आला, त्या दिवसापासून किल्ल्या घरात, आणि सकाळी पावणेनऊला बेल वाजते ती माझ्या दाराची.

भाडेकरू हा वेगळा विषय. मालक पुण्याला, चिठ्ठी त्यांच्या नावावर, गाडी भाडेकरूची, आणि भाडेकरूला दोन गाड्या. दुसरी गाडी कुणाच्या नावावर? "मेव्हण्याची आहे, दोन दिवसांसाठी आलीय." मेव्हणा दिवाळीपासून इथंच आहे.

आणि एक. पुढंमागं इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर पक्की जागा लागतेच. स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून जागेवर सॉकेट बसवलं आणि पुढच्या वर्षी चिठ्ठीत जागा बदलली, तर सॉकेट एकीकडं, गाडी दुसरीकडं. आमच्यात यावर दीड तास मीटिंग झाली. निष्पन्न काही नाही, चहा दोनदा झाला.

भडंग | १० जून, दुपारी १:४०

आता गंमत सोडून हिशेब मांडतो. दोन घरांत फरक १० लाखांचा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरा, १० लाखाला हप्ता बसतो ८,७०० च्या आसपास. वर शाळेची रिक्षा, दोघांचं जादा पेट्रोल. म्हणजे ताई, त्या चार नंबरच्या चौकोनासाठी तुम्ही महिन्याला दहा हजार मोजायला निघालाय. एवढ्यात माझी गाडी हॉटेलात खोली घेऊन राहील. विश्रामबागेत कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटात महिन्याला हजार-बाराशेत जागा मिळंल. घर घ्या.

सेक्रेटरी_नाइलाजाने | १० जून, दुपारी २:०५

हिशेब चोख आहे, मान्य. पण तो प्लॉट मोकळा कुठवर राहणार? उद्या तिथं बिल्डिंग उठली की तिच्या गाड्या पण तुमच्याच गल्लीत येणार. आणि विकायला काढाल तेव्हा समोरचा हाच धागा काढेल.

भडंग | १० जून, दुपारी २:०८

मग तो पण भाव पाडूनच घेईल की. आज ताई पाडून घेतील, उद्या तो पाडून घेईल. रीत हाय.

अजिंक्यतारा | १० जून, सायंकाळी ६:३०

साताऱ्याहून. आम्ही मंगळवार पेठेत पार्किंग नसलेलं घर जाणूनबुजून घेतलं. माहेर जवळ, मंडई जवळ, राजवाडा चालत. गाडी एका मंगल कार्यालयाच्या आवारात महिन्याच्या बोलीवर लावतो. झकास चाललंय, फक्त लग्नसराईत तिथी बघून गाडी काढावी लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरात आमच्याइतके मुहूर्त भटजीपण बघत नसतील.

पेठेतल्या चढावर रात्री गाडी लावायची तर हँडब्रेकवर विसंबू नका, चाकं भिंतीकडं वळवून ठेवा. सांगली सपाट आहे, तुम्हाला ती काळजी नाही.

गावभागकर | १० जून, रात्री ९:१५

सपाट आहे म्हणूनच आम्हाला दुसरी काळजी आहे.

मुली, तुझ्या धाग्यात कुणीच पाण्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. विश्रामबाग उंचावर, तिथं पुराची भीती धरू नकोस. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागातली माणसं सामान घेऊन तिकडंच आलो होतो. पण धामणी रोडवरचं घर बघतेयस तर बिल्डरला नको, तिथल्या जुन्या रहिवाशाला विचार, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं. भिंतीवर खूण असते, रंग दिला तरी माणसाच्या लक्षात असते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं होतं. नवीन माणसाला हे आकडे पाठ नसतात. आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी येतात.

खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगला पुराच्या भागात एक फायदा आहे, पाणी घरात न येता पार्किंगमध्ये थांबतं. पण मग गाडी कुठं? ४० फुटांची बातमी आली की गाडी उंचावर नेऊन लावायची, ४५ ची वाट बघायची नाही, कारण तोवर रस्ते गाड्यांनी भरतात. लिफ्टचा खड्डा, पाण्याची मोटर, मीटर बोर्ड हे सगळं खालीच असतं. मीटर छातीच्या वर बसवलेत का तेवढं बघ. ज्यांनी धडा घेतला त्यांनी उचललेत.

आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चुकूनही चालू करायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की साध्या विम्यात तो खर्च धरत नाहीत, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. गाडी ढकलत किंवा ओढून न्यायची.

मिरजवाली | १० जून, रात्री ९:४०

काका, धामणी रोडला हे विचारायचं सुचलंच नसतं. नकाशात निळी-लाल पूररेषा असते तीपण बघायची ना?

गावभागकर | १० जून, रात्री ९:५५

हो, ती बघच. पण रेषा कागदावर, पाणी रस्त्यावर. दोन्ही बघ.

जाता जाता, गणपती पेठ, टिळक चौक या बाजूला कुणी घर बघत असेल तर संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं हे ध्यानात ठेवा. त्या दिवशी गाडी आत अडकली तर अडकली. आम्ही आदल्या दिवशीच बाहेर काढतो.

मिरजवाली | १४ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचं ऐकून कामाला लागले. काय निघालं ते लिहिते, थोडं लांबेल.

रात्री गेलो, पाऊस पण होता. खाली पाच गाड्या, दोन गेटच्या आत आडव्या, एक बाहेर रोडवर. आश्चर्य म्हणजे चार नंबर खरंच रिकामी होती. मला आनंद झाला, आणि हे टॉर्च घेऊन खाली बसले. म्हणाले, ये, का रिकामी आहे बघ. त्या जागेच्या बरोबर मध्यभागी पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण आहे! दोन बाय दोनचं, कडेनं गंजलेलं, एका कोपऱ्यात दबलेलं. वॉचमन म्हणाला, टाकी धुवायची असली, बॉल कॉक अडकला, की गाडी काढायला लागते. आणि चाक झाकणावर चढलं तर झाकण आत. आताचे मालक अल्टो लावायचे, ती झाकणाच्या पुढं मागं कशीबशी बसायची. दोन कॉलममधलं अंतर पावणेआठ फूट. आमची ब्रेझा आरसे सोडून पाच फूट दहा इंच. एका बाजूनं कॉलमला चिकटवली तर ड्रायव्हरला पोट आत घेऊन उतरता येईल. यांनी लगेच डाएटचा विषय काढला.

बिल्डिंग अपार्टमेंट कायद्यातली आहे. घोषणापत्राची प्रत मिळाली. त्यात पार्किंगबद्दल एकच ओळ : तळमजल्यावरील वाहनतळ सर्व अपार्टमेंटधारकांसाठी सामाईक. नंबर नाही, फ्लॅट नाही.

आणि आता नकाशा. तिथं सात जागा आहेत! सातवी जिथं दाखवलीय तिथं शटर आहे. बिल्डरचं कुलूप. आत सेंट्रिंगच्या फळ्या, रंगाचे डबे आणि एक बुलेट. वॉचमन म्हणाला, आधीपासून असंच आहे.

नकाशावाला | १४ जून, रात्री ११:०५

सांगत होतो ना, गंमत तिथंच निघते.

मंजूर नकाशातली पार्किंगची जागा शटर लावून गोदाम केली तर ते नकाशाबाहेरचं बांधकाम. पार्किंगचं क्षेत्र चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकामात, मोजत नाहीत, म्हणून ते पार्किंगलाच वापरायचं असतं. बाराही मालकांनी मिळून महापालिकेकडं लेखी तक्रार केली तर नोटीस निघू शकते. एकट्यानं केलीत तर तुम्ही नवीन आलेल्या भांडखोर बाई ठरणार. बाराजण बारा वर्षं गप्प का बसले, हे आधी शोधा. बऱ्याचदा बिल्डरचाच एखादा भाऊबंद वरच्या मजल्यावर राहत असतो.

घोषणापत्रातली ओळ वाईट नाही. म्हणजे चार नंबर जशी मालकांची नाही, तशी एक, दोन, तीनही कुणाची नाही. सगळ्यांचा हक्क सारखा. आता बघा की त्यांच्या असोसिएशनच्या मीटिंगचं रजिस्टर आहे का, त्यात वाटपाचा ठराव झालाय का.

शंभरफुटी | १४ जून, रात्री ११:२०

बुलेट कुणाची ते बघा. भाऊबंद घावला तर तिथंच घावंल.

सेक्रेटरी_नाइलाजाने | १५ जून, सकाळी ९:००

ताई, भाव करायला याहून चांगला मसाला मिळणार नाही. मालकांना सांगा, तुम्ही पार्किंगसह म्हणून सांगितलंत, घोषणापत्रात ते नाही, जागेवर टाकीचं झाकण आहे. चेहरा पडू द्या. मग आकडा बोला. ८० हजारांची पावती त्यांनी त्यांच्याकडंच ठेवावी, तुम्ही तिचे पैसे कशाला द्यायचे?

आणि संचकारपत्राच्या, म्हणजे खरेदीआधीच्या विसाराच्या कराराच्या, आधी असोसिएशनकडून दोन कागद घ्या. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला, आणि पार्किंग सध्या कोणत्या पद्धतीनं वापरतात याचं लेखी पत्र, चेअरमनच्या सहीशिक्क्यासह. तोंडी "लावा की, कोण अडवतंय" यावर जाऊ नका. तुमची गाडी रोज तिथं लागायला लागली की अडवणारे येतात.

भडंग | १५ जून, सकाळी ९:१५

आणि झाकणाचं काय? चांगलं जाड, गाडी चढली तरी न दबणारं चेकर प्लेटचं झाकण फ्रेमसकट बसवायला फॅब्रिकेशनवाला फार पैसे घेत नाही. असोसिएशननं केलं तर बाराजणांत वाटून जाईल. सातवी जागा सुटली तर तेवढ्यात सगळ्यांचा फायदा. पहिल्याच मीटिंगला हेच काढा, शटरचा विषय दुसऱ्या मीटिंगला.

मिरजवाली | १८ जून, सायंकाळी ७:४०

ताजी बातमी. धामणी रोडला शेजारच्या घरातल्या आजींनी २०१९ ची खूण दाखवली, त्यांच्या ओट्याच्या वरची. यांनी तो विषय तिथंच संपवला.

इकडं मालक ४२ लाख २५ हजारावर आले. पावती खिशात घालून गेले. चेअरमन चांगले आहेत, रजिस्टर दाखवलं. वाटपाचा ठराव कधीच झालेला नाही, सगळं आपलं सवयीनं चाललंय. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला नवीन मालक म्हणून आम्हाला बोलावतो म्हणाले. झाकणाचं त्यांना पटलं. शटरचं विचारल्यावर मात्र त्यांनी विषय बदलून पावसावर नेला.

बुलेट तिसऱ्या मजल्यावरच्यांची आहे. आडनाव बिल्डरचंच.

नकाशावाला | १८ जून, रात्री ८:१०

संचकारपत्रात ही ओळ घालून घ्या, वकिलांना शब्द बघू द्या : "सदर अपार्टमेंटसोबत तळमजल्यावरील सामाईक वाहनतळ वापरण्याचा इतर धारकांप्रमाणे समान हक्क खरेदी घेणार यांना राहील." चार नंबर लिहू नका. चार नंबर लिहिलंत की बाकीचे पाच नंबरही आपापल्या पावत्या काढतील, आणि तुमचा सामाईक हक्कच अडचणीत येईल.

शंभरफुटी | १८ जून, रात्री ८:३०

आणि मीटिंगला जाताना भडंग न्या. खायचं, हा आयडीवाला न्हवं.